बारवेत सोडलेलं मीठ

१

धोंडप्पाची सकाळ लिंगपूजेनं सुरू व्हायची. घरात पाण्याची कितीही ओढ असली तरी पूजेच्या गडव्यात कमी पाणी दिलेलं त्याला खपत नसे. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. उदगीरकडून टँकर आला तर गावाला पाणी, नाहीतर नाही. त्या टँकरच्या पाठीवर ताज्या रंगात ‘लातूर’ लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली खरवडलेलं ‘उस्मानाबाद’ अजून वाचता येई. जिल्हा नवा झाला, साहेब नवे आले, पाऊस तेवढा जुन्या साहेबाबरोबर बदली होऊन गेला, असं चावडीवर बसणारे म्हणत.

तर पूजा. गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं त्यावर पाण्याची धार धरायची, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं. वडिलांनी शिकवलं तसं धोंडप्पा वर्षानुवर्षं करत आला होता, त्यात डोकं लागत नसे. त्या सकाळी बेलाचं पान त्याच्या अंगठ्यावरून सुटेना. झटकलं तरी चिकटलेलंच. उजेडात अंगठा धरून बघतो तर आतल्या बाजूला, पेराच्या ऐन मध्यावर, एक चामखीळ. फुटाण्याएवढी, आणि फुटाण्यासारखीच मधोमध चिरलेली.

दुसऱ्या कुणाला झाली असती तर त्यानं दुर्लक्ष केलं असतं. धोंडप्पा गुरांच्या बाजारात दलाल होता. उदगीरच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. तोंडानं पावसापाण्याचं, पोरीच्या सोयरिकीचं बोलायचं, भाव बोटांनी सांगायचा. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. त्यात दलालाची अक्कल कोण विचारतो, हात चांगला पाहिजे. धोंडप्पाचा हात कोरडा, गरम आणि हलका होता. शेतकरी म्हणायचे, ह्याच्या हातात हात दिला की बैल इकल्याचं दुःख जरा कमी होतंय.

पहिल्याच बाजारी एका गिऱ्हाइकानं रुमालाखालून हात झटकन काढून घेतला आणि धोतराला पुसला. धोंडप्पाला भयंकर लाज वाटली.

२

मग सुरू झाली इलाजांची वरात.

बायको नीलम्मा हिनं उदगीरच्या टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस आणला आणि चामखिळीच्या मुळाशी करकचून बांधला. काळी पडून ती गळाली. धोंडप्पानं देवाला नारळ फोडला, आणि नारळाचं खोबरं संपायच्या आत ती परत उगवली, तीच चीर मधोमध घेऊन. मग कुणी म्हणालं बिब्बा लावा. बिब्ब्यानं सगळा अंगठा उतला, फोड आले, फोड गेले, चामखीळ जागच्या जागी. चुना आणि सोडा झाला. वांग्याचा काप घासून तो उंबऱ्याबाहेर पुरून झाला. उदगीरच्या एका डॉक्टरनं सुईनं जाळली आणि ‘आता विसरा’ म्हणाला. धोंडप्पा विसरलाही. दोन बाजार चांगले झाले आणि तिसऱ्याला बेलाचं पान पुन्हा चिकटलं.

शेवटी चिडून त्यानं लातूरची एसटी धरली. नव्या जिल्ह्याच्या गावात कातडीचा डॉक्टर आला होता. तिथं अर्धा दिवस बाकावर बसून, शेजाऱ्यांच्या खरजा न्याहाळून त्याचं डोकं उठलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं भिंगातून अंगठा पाहिला. “हा विषाणू असतो. एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर येतो. कापू नका, कुरतडू नका. हे मलम रोज लावा, वरची मेलेली कातडी घासून काढा. पुष्कळांची आपोआपसुद्धा जाते.”

“कवा जाते?”

“सहा महिने म्हणा. कधी दोन वर्षंही लागतात.”

“मपला बाजार दर आठवड्याला भरून राहिलाय, डॉक्टरसाहेब.”

डॉक्टर हसला. “घरात आणखी कुणाला आहे?”

“थोरल्या भावाला होती. हितंच, ह्याच पेरावर. अशीच चिरलेली.”

“मग त्यांच्याकडूनच आली असणार. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या.”

“त्ये वारून सहा वर्सं झाली.”

“मग त्यांच्याकडून नाही,” डॉक्टर म्हणाला आणि हात धुवायला उठला.

परतीच्या एसटीत धोंडप्पा खिडकीशी बसून सारखा अंगठा चोळत होता. भावाची गोष्ट आपण का काढली, ते त्याला कळत नव्हतं. डॉक्टरनं विचारेपर्यंत ती त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हती. चामखिळी काय सगळ्या सारख्याच दिसतात, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि मलमाची डबी खिशात आहे ना ते पुन्हा चाचपलं.

३

थोरला भाऊ म्हणजे चंद्रप्पा. बाजारातली लिंबाखालची जागा त्याचीच, धोंडप्पा त्याच्या मागून तिथं बसला. चंद्रप्पाचा हात जड होता. रुमालाखाली तो गिऱ्हाइकाची बोटं अशी आवळी की माणूस भाव कबूल करूनच सुटे. आणि सौदा संपवायचा झाला की समोरच्याच्या मनगटावर दोन बोटांनी दोनदा टकटक करी. म्हणजे आता बोलणं बंद. बाजारात लोक त्याची नक्कल करून हसत.

घरात कुणी हसत नसे, कारण घरातही तीच खूण होती. त्याची बायको गौरम्मा शेजारणीशी बोलत उभी असली, कशाला तरी हसली, जेवताना एखादा घास जास्त घेतला, की मनगटावर दोनदा टकटक. ती उठे आणि डोक्यावर पदर ओढून खालमानेनं त्याच्यासमोर जाऊन उभी राही. पुढं काय व्हायचं ते बंद दाराआड. धोंडप्पा तेव्हा पोरसवदा होता, भावापुढं त्याचा शब्द फुटत नसे.

चंद्रप्पा एका उन्हाळ्यात ऊन लागून गेला. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्याला शेतात खड्ड्यात बसवला, डाव्या तळहातावर लिंग दिलं, वरून भस्म आणि मीठ टाकलं. उजवा हात मांडीवर राहीना. दोनदा सरकून खाली आला. मग विधी करणाऱ्या जंगमानं वर मिठाची ओंजळ दाबली तेव्हा राहिला.

त्यानंतर गौरम्मा हळूहळू माणसात आली. धोंडप्पाचं लग्न झालं, नीलम्मा घरात आली. तिनं चंद्रप्पाला पाहिलंसुद्धा नव्हतं. दोघी जावा बहिणींसारख्या राहत. गौरम्माचा पदर खांद्यावर आला. ती दिराची थट्टा करी, मोठ्यानं हसे, चुलीपुढं बसून आधी स्वतः गरम भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकी. धोंडप्पाला ते बघून बरं वाटे. वैनीच्या हसण्यानं घराला घरपण आलंय, असं तो नीलम्माला म्हणायचा.

लातूरहून आला त्या दिवशी गौरम्मानं त्याला ताट वाढलं. “काय म्हनला डाक्टर, भावजी? अंगठाच बदलून देतो म्हनला का?” ती हसत होती. त्यानं ताट घ्यायला उजवा हात पुढं केला. ताट त्याच्या हातात आलं आणि त्याच्या हाताची दोन बोटं ताटाच्या काठावरून सरकून तिच्या मनगटावर आली. टक, टक.

ताट पडलं नाही. गौरम्मानं ते नीट खाली ठेवलं. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, नुसते दात दिसत होते. मग तिनं डोक्यावर पदर ओढला.

“वैनी, म्या मुद्दाम... हात घसरला,” धोंडप्पा म्हणाला.

 ती खालमानेनं उभी राहिली. नीलम्मा आतून म्हणाली, “अक्का, मीठ वाढलं का?” त्यावरही ती हलली नाही.  तो जेवण अर्ध्यावर टाकून उठला, तेव्हा कुठं ती चुलीकडं गेली.

त्या दिवसापासून तिनं त्याला भावजी म्हणायचं सोडलं.

४

गावच्या बारवेवर टँकर रिकामा होई. बाकी विहिरींच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या, त्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दिसत नसे. बारव जुनी, दगडी, तिच्यात पाणी टिकायचं. साहेबांनी बघितलं, पास केलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण तहानलेल्या गावात कुरकुर किती टिकणार?

“टँकर यायच्या आदी ह्या बारवेचं पाणी आमी कवा प्यालो न्हाई,” काठावर बसलेली सरजाबाई धोंडप्पाला म्हणाली. ती नेहमीच तिथं घागर घेऊन नंबर लावून बसे. “ही चामखिळीची बारव हाय. मिठाची पुरचुंडी चामखिळीवरून उतरायची, पाठमोरं हून पाण्यात सोडायची, मागं न बघता घरला जायाचं. मीठ इरघळलं की चामखीळ इरघळली. पन मग ते पाणी कुणी तोंडात घ्यायचं न्हाई. तुपल्या भावानं बी हितंच सोडली होती की.”

धोंडप्पाला ठाऊक होतं. मरायच्या आदल्या वर्षी चंद्रप्पानं मीठ सोडलं होतं आणि त्याचा अंगठा साफ झाला होता.

“आता हे बग.” सरजाबाईनं आपलं नाक पुढं केलं. नाकपुडीच्या कडेला एक बारीक देठाची चामखीळ लोंबत होती. “ही मपल्या सासूची. तिची अशीच होती. तवापासून मला सासूवानी शिव्या सुचून राहिल्यात, बग.” आणि ती बोळक्या तोंडानं हसली. शेजारच्या बायाही हसल्या. त्यांतल्या एकीच्या पापणीवर होती, एकीच्या हनुवटीखाली.

“विषाणू असतोय त्यो,” धोंडप्पा तडकून म्हणाला. “कातडीवरून कातडीवर येतो. डॉक्टर म्हनला.”

“हाव, आसंल,” सरजाबाई म्हणाली.

घरी त्याचं नीलम्माशी वाजलं. नीलम्मा आणि गौरम्मा पहिल्यापासून बारवेचं पाणी भरत नव्हत्या. गौरम्माच्या सांगण्यावरून दोघी उन्हातान्हात मळ्यावरच्या ईश्वरप्पाच्या बोअरवर जात. धोंडप्पा मात्र चावडीच्या माठातलं टँकरचं पाणी पीत आला होता, आणि पूजेच्या गडव्यालाही तेच. इतके दिवस त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्याला सगळ्यांचाच राग आला. चावडीचा, टँकरचा, लातूरच्या साहेबांचा, अंगठ्याचा.

“सगळं गाव पिऊन राहिलंय आन् तुमी दोघी राण्या लागून गेल्या का? पाय तुटायलेत तुझे. उद्यापासून टँकरचं भर.”

“अक्का नको म्हनतात,” नीलम्मा म्हणाली.

५

त्या आठवड्याच्या बाजारी बसवंत नावाचा शेतकरी आपली देवणी बैलजोडी घेऊन आला होता. चारा संपला होता आणि छावणीत जागा नव्हती.  “मामा, चांगल्या घरी द्या. कसायाच्या दलालाला देऊ नगा. भाव कमी आला तरी चालंल,” तो धोंडप्पाला म्हणाला. धोंडप्पानं त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि कबूल केलं.

अंगठ्याला त्यानं चिंधी गुंडाळली होती. निलंग्याकडचा एक बागाईतदार समोर बसला, शिवप्पा नावाचा, भला गृहस्थ. हातांवर रुमाल पडला. शिवप्पा पावसाचं बोलू लागला. धोंडप्पाही बोलत होता आणि रुमालाखाली बोटांनी बेताचा भाव सांगत होता. निदान त्याला वाटत होतं की तो बेताचा भाव सांगतोय.

शिवप्पाच्या कपाळावर आठ्या पडल्या. “एवढा?” तो चक्क तोंडानं म्हणाला. बाजारात असं कुणी म्हणत नाही.

धोंडप्पानं पुन्हा बोटं दाबली. या खेपेला त्याचं लक्ष बोटांकडं होतं. दोन बोटं पुढं करायची असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि रुमालाखाली त्याचा सगळा पंजा शिवप्पाच्या हाताभोवती आवळत गेला. चिंधी सुटलेली त्याला जाणवली. तो आवळत नव्हता. तो सोडायचा प्रयत्न करत होता. खांद्यापासून कोपरापर्यंत हात त्याचा होता, त्याला घाम फुटलेला कळत होता, आणि पुढं जे चाललं होतं ते दुसऱ्याच्या अंगणात चालल्यासारखं होतं. मग त्याला रुमाल हललेला दिसला, दोनदा.

शिवप्पानं हात ओढून काढला. बोटं लाल झाली होती. “हे कुठं शिकलाव तुमी? मपला हात मोडायला बसलाव का? चंद्रप्पाचेच भाऊ शोभता,” तो म्हणाला आणि उठून गेला.

जोडी संध्याकाळी कसायाच्या दलालानंच नेली. बसवंत धोंडप्पाकडं न बघता निघून गेला. लिंबाखाली बसलेले बाकीचे दलाल उगाच रुमाल झटकत राहिले. त्यांतला वयानं मोठा गुंडप्पा जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काही दिस येऊ नको बाजारात. आधी हाताचं बग. तुझ्या हातात हात द्याया कुणी तयार न्हाई.”

धोंडप्पा घरी चालत आला. उजवा हात त्यानं सबंध वाटभर सदऱ्याच्या आत घालून ठेवला होता. हा हात गेला तर घरातली तीन तोंडं काय खाणार, ही काळजी होतीच, पण तिच्याही खाली एक भीती होती. घरी गेल्यावर आपण कुठल्या हातानं ताट घ्यायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

घरी गौरम्मा दाराशीच होती. त्याला पाहून ती पदर ओढून भिंतीला लागून उभी राहिली. त्यानं आयुष्यात कधी कुणा बाईवर हात उचलला नव्हता, आणि वैनी त्याला बघून मनगटं पदरात लपवत होती. त्याला रडू आलं. तो परसात जाऊन डाव्या हातानं तोंड झाकून बसला.

६

मीठ सोडायचं त्यानं ठरवलं. ठरवताना मनाशी पुष्कळ वाद घातला. धोंडप्पा काही अडाणी नव्हता, सातवी शिकलेला होता आणि लातूरच्या डॉक्टरचं बोलणं त्याला पटलेलं होतं. चामखीळ विषाणूनं होते. म्हणजे मिठानं काही होत नाही. काहीच होत नसेल तर टँकरच्या पाण्यात चिमूटभर मीठ सोडल्यानं कुणाचं काय बिघडणार? आणि समजा मिठानं खरंच जात असेल, तर मग हाताची सुटका होईल. दोन्हीकडून फायदाच. ह्या हिशोबात कुठं तरी खोट आहे हे त्याला कळत होतं. पण तो इतका कावला होता की खोट शोधायला तो थांबला नाही.

बायांनी उपसून बारव कोरडी केलेली असताना मीठ सोडून उपयोग नव्हता, दगडावर पडून राहिलं असतं. टँकर यायच्या वेळीच जायला हवं होतं. दुपारी टँकर आला, ड्रायव्हरनं पाइप बारवेत सोडला, पाणी दगडांवर आपटू लागलं. बायांची झोंबाझोंबी सुरू झाली. तिचा निम्मा आवाज बारवेत घुमत होता. धोंडप्पा गर्दीच्या दुसऱ्या अंगाला गेला. सरजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग मान वळवली.

मिठाची पुरचुंडी डाव्या मुठीत होती. अंगठ्यावरून उतरताना उजवा हात शांत होता, अगदी लहान मुलाच्या हातासारखा पडून होता. त्याला त्याचंच जास्त भय वाटलं. पाठ करून त्यानं पुरचुंडी खांद्यावरून मागं टाकली.

टँकरचं पाणी त्याच क्षणी थांबलं. बायाही गप्प झाल्या, का ते त्याला कळलं नाही. त्या शांततेत त्याच्या मागं पाण्यात पडल्याचा आवाज आला. डुबुक. आणि मग पुन्हा, डुबुक.

पुरचुंडी एकच होती. मागं बघायचं नसतं, म्हणून त्यानं बघितलं नाही.

बारवेकडं पुन्हा नजर जाऊ नये म्हणून तो गावाला लांबचा वळसा घालून घरी आला, तर दारातल्या घागरी भरलेल्या होत्या. नीलम्मा पाय पसरून काट्यानं काटा काढत बसली होती. शेजारी रिकामा तांब्या होता, आणि ती ओठ पुसत होती.

“हे पाणी कुठलं, नीलम्मा?” आतून गौरम्माचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन बोलली होती.

“टँकरचं, अक्का. आत्ताच शेवटाला भरून आनलं. ईश्वरप्पाचं बोअर बंद पडलंय आन् मपल्या पायात काटा मोडला. आन् ह्येच म्हनले होते की टँकरचं भर म्हनून.”

नीलम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. आता बोलायला हवं होतं. ओतून दे, एवढं दोन शब्दांचं काम होतं. पण ओतून दे म्हटलं तर का म्हणून सांगावं लागलं असतं, आणि सगळं गाव पितं त्या पाण्यात आपण काय टाकून आलो तेही सांगावं लागलं असतं. शिवाय नीलम्मा पिऊन बसली होती. मिठानं काही होत नाही, तो मनात म्हणाला. विषाणू असतो.

“हाव, म्याच म्हनलो होतो,” तो म्हणाला.

गौरम्मा त्या रात्री न पिताच झोपली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच घागर घेऊन शेजारच्या गावाकडं चालत गेली.

७

चामखीळ गेली. आधी तिची चीर बुजली, मग ती सुकली, आणि एका सकाळी बेलाचं पान अंगठ्यावरून अलगद सुटून लिंगावर पडलं. धोंडप्पानं अंगठा गालावर फिरवून पाहिला. गुळगुळीत. त्याचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी पूजेला बराच वेळ बसून त्यानं नुसतं हाताकडं बघितलं. बोट मिटलं की मिटत होतं, उघडलं की उघडत होतं.

गौरम्माला त्यानं काही सांगितलं नाही. मुद्दाम तिच्यासमोर उजवा हात पुढं करून भाकरी मागितली. ती लांबून देऊ लागली. त्यानं हात तसाच धरून ठेवला, पालथा केला, उताणा केला. गौरम्मानं अंगठा पाहिला, बराच वेळ पाहिला. मग तिनं भाकरी त्याच्या तळहातावर ठेवली.

“गरम हाय, भावजी,” ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिचा पदर खांद्यावर आला होता. संध्याकाळी ती शेजारणीशी कशावरून तरी हसली, आधी बिचकत आणि मग मोठ्यानं. ते ऐकून धोंडप्पानं परसात जाऊन डोळे पुसले.

बाजारातही सुरळीत झालं. गुंडप्पानं आधी स्वतः रुमालाखाली हात घालून चाचपला. “आता तुपला हात लागला,” तो म्हणाला. चार सौदे झाले, सगळे हलक्या हातानं. शिवप्पासुद्धा येऊन बसला आणि एक गाय घेऊन गेला. धोंडप्पानं घरी न्यायला जिलबी घेतली. वाटेत त्याला आठवलं की आठ-दहा दिवसांत नीलम्माशी आपण धड बोललोही नाही, नुसती चिडचिड केली. आज तिला जवळ बसवून लातूरच्या डॉक्टरची गंमत सांगावी, असं त्याच्या मनात आलं.

८

उन्हं कलली होती. ओसरीवर नीलम्मा पाय दुमडून बसली होती, आत गौरम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती आणि बोलता बोलता हसत होती. थापण्याचा पटपट आवाज ओसरीपर्यंत येत होता. धोंडप्पा बायकोच्या समोर टेकला आणि जिलबीचा पुडा मधे ठेवला.

“आलाव?” नीलम्मा हसून म्हणाली. “ईश्वरप्पाच्या बोअरची मोटर दुरुस्त झाली बगा. उद्यापासून अक्काला लांब जायाला नको.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि पाण्यासाठी हात पुढं केला.

तिचा उजवा हात पदराखाली होता. तिनं तांब्या दिला नाही. पदराचा शेव त्याच्या हातावर पडला आणि त्याखाली तिच्या बोटांनी त्याची बोटं शोधली. त्याला गंमत वाटली. मग ती बोटं त्याच्या बोटांवरून एकेक करत फिरली, पेरापेरानं, घाई न करता, बाजारात मुरलेल्या माणसासारखी. नीलम्मा उभ्या जन्मात गुरांच्या बाजारात आली नव्हती.

“मोटर जळली होती म्हनं,” ती सांगत होती. तिचा चेहरा नेहमीचाच होता, थकलेला आणि प्रेमळ, आणि डोळे त्याच्या डोळ्यांत होते. “लातूरहून माणूस आला तवा कुठं...”

पदराखाली हात आवळत गेला. धोंडप्पाच्या बोटांची हाडं एकमेकांवर चढली. त्याच्या तळहाताच्या मऊ भागावर काहीतरी खरखरीत रुतलं, फुटाण्याएवढं. मधली चीरसुद्धा त्याला लागली.

“...दुरुस्त झाली,” नीलम्मा म्हणाली. “असं काय बगून राहिलाव?”

त्याला तिचं नाव घ्यायचं होतं.  पदर हलला आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं पडली. टक, टक. आवाज अगदी बारीक होता.

आतलं भाकरी थापणं थांबलं. हसणंही थांबलं.

गौरम्मा चुलीपुढून उठली. पिठानं भरलेल्या हातांनी तिनं डोक्यावर पदर ओढला, उंबरा ओलांडून ओसरीवर आली, आणि धोंडप्पाकडं न बघता खालमानेनं नीलम्माच्या समोर जाऊन उभी राहिली.